आईसाठी चर्च

“घंटा वाजली की सगळे खाली,” असं म्हणत मुलगी पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसली. मग उठली, पुन्हा बसली, हवेतल्या हवेत धूपदान हलवून दाखवलं. उशांना टेकलेली आई नाटक बघावं तशी बघत होती. आज बघून आलेल्या चर्चमधले फादर प्रार्थना गाऊन म्हणतात, मागे ऑर्गन वाजतो, रंगीत काचांतून ऊन खाली येतं, सगळं कसं जिथल्या तिथे, असं मुलीने रंगवून सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. एवढी उठबस आपल्या गुडघ्यांना झेपायची नाही, म्हणाली. तुला तिथे गुडघे टेकायचेच नाहीयेत, हे मुलीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

आईच्या हृदयाचं काय ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. दोघी या शहरात नव्या, मुलीची बदली झाली म्हणून आलेल्या. जुन्या गावातल्या चर्चमध्ये आईने अर्धं आयुष्य गाण्यात काढलं होतं, आणि बेसूर गाणाऱ्याला भर उपासनेत डोळे वटारून ताळ्यावर आणलं होतं. इथे त्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या आईने फर्मान सोडलं, मी गेल्यावर माझ्या शेवटच्या प्रार्थनेसाठी एक चर्च बघून ठेव, पण मला पसंत पडलं पाहिजे. तेव्हापासून मुलीचा दर रविवार निराळ्या चर्चमध्ये जात होता.

पुढच्या ठिकाणी ड्रम होते, गिटारी होत्या, गाण्याच्या ओळी पडद्यावर उमटत होत्या. लोक हात वर करून रडत होते आणि रडता रडता हसत होते. मुलीनेही हात वर केला होता, पण अर्धाच, रिक्षा थांबवावी तसा. आईला हसून हसून ठसका लागला. तिथे नको, म्हणाली, एवढ्या गोंगाटात मी उठून बसेन.

त्यानंतर ती एका साध्या खोलीत जाऊन आली. तिथे ना पाळक, ना गाणं. खुर्च्या गोल मांडलेल्या आणि सगळे डोळे मिटून गप्प. कोणाला आतून काही सुचलंच तर तो उठून बोलायचा, त्या दिवशी कोणालाच सुचलं नाही. मुलीला ते फार आवडलं होतं. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात ‘आता स्पष्ट दिसतंय का’ एवढंच विचारायचं आणि घरी यायचं, या तिच्या दिनक्रमाला ती शांतता अगदी मानवली. यावर मात्र आईने चेष्टा केली नाही. तिच्याकडे बघून म्हणाली, “गप्प बसायला चर्च कशाला हवं? ते तू घरीच करतेस.”

मग सापडलं ते मोठं, दगडी चर्च. उपदेश बांधेसूद आणि गाणं चार आवाजांत गुंफलेलं, केसाइतकंही न हललेलं. दारात हसून हस्तांदोलन, हातात छापील कागद, आणि ठरल्या वेळेला सगळे आपापल्या घरी. आता आईला नाव ठेवायला जागाच नाही, अशा खात्रीने मुलगी आली. आईने सूर कसे होते विचारलं. अगदी चोख, मुलगी म्हणाली. छान, म्हणत आईने भिंतीकडे तोंड केलं. तेही नको.

मुलगी तिथून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला आईचा राग आला होता, त्याहून जास्त भीती वाटत होती. हे असंच चालू राहिलं आणि आई मधेच गेली, तर शवपेटीला हात लावायला बोलवायचं तरी कोणाला?

पुढच्या रविवारी ती कंटाळून जवळचं म्हणून एका फर्निचरच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये गेली, आणि परतली ती जेवणाची वेळ टळून गेल्यावर. कपडे धुळीने भरलेले. तिथलं काही खरं नाही, तिने दारातूनच सांगितलं. पाळक एरवी विजेची कामं करतात, त्यांना उपदेश मधेच आठवेना. गाणं म्हणजे ज्याचा त्याचा सूर आणि ज्याची त्याची चाल.

मग एवढा उशीर का, आईने विचारलं.

दुपारी तिथे कराटेचा वर्ग असतो, म्हणून उपासना संपली की सगळ्यांनी खुर्च्या रचायच्या. मुलगी नेहमीप्रमाणे सटकणार, तेवढ्यात एका जाड्या बाईने तिच्या हातात खुर्च्या कोंबल्या. वर, अशा रचतात का, म्हणून झापलं. मग चहा. चहाला एका आजोबांच्या चष्म्याची काडी वाकडी दिसली, ती हिने पर्समधल्या स्क्रू-ड्रायव्हरने नीट करून दिली, तर मागे आणखी चौघं आपापले चष्मे काढून उभे. ती जाडी बाई बुधवारी घरी येणार आहे. नको म्हटलं, तर कानावर घेतच नाही. मुलगी हे सगळं चपला न काढता, उभ्या उभ्या, हातवारे करत सांगत होती, आणि सांगताना तिला मधेच हसू फुटत होतं.

“इथेच,” आई म्हणाली.

मुलीला वाटलं, चेष्टा करतेय. “आई, तिथे एक माणूस सुरात गात नाही. तुला कसं चालेल?”

“मला काय करायचंय?” आई म्हणाली. “मी जाणार एकदाच, तेही झोपून. पुढचे सगळे रविवार तुला जायचंय.”