न थरथरणारी करवत

निवृत्तीनंतर नवरा घरात कपाटासारखा उभा असायचा. त्याने काहीतरी छंद लावून घ्यावा, म्हणून बायको त्याला लाकडात नक्षी कापायची विजेची करवत घ्यायला दुकानात घेऊन आली.

“थरथर कमी, ती करवत चांगली,” दुकानदार म्हणाला. त्याने एक करवत चालू करून तिच्या टेबलावर नाणं कडेवर उभं केलं. नाणं लगेच आडवं झालं. महागड्या करवतीवरही तेच.

नवऱ्याने टेबलावर तळवा ठेवला. “मला तर काहीच जाणवत नाही.”

“तुम्हाला कधी काय जाणवलंय!” बायको म्हणाली.

दुकानदाराने त्याच्या तळव्याशेजारी नाणं पुन्हा उभं केलं. पातं वरखाली धावत होतं, नाणं हललं नाही. नवऱ्याने हात उचलला, तसं ते पडलं.

“काका, हात भलताच स्थिर आहे हो तुमचा,” दुकानदार हसला, पण जरा मागे सरकला.

बायको हसली नाही. तिने नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. करवतीमुळे ठोके कळत नसतील, म्हणून तिने बटण बंद केलं आणि हात पुन्हा ठेवला.

“लागतंय का गं काही हाताला?” त्याने विचारलं.