दुसऱ्या गिअरवर

आमची जुनी डिझेल गाडी ऑटोमॅटिक आहे. नवऱ्याला डायलिसिसला न्यायला मागे बसवलं, की नव्या राजधानीच्या सपाट रस्त्यावरही ती दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मी एकटी असले, की सुरळीत पळते. वजनदार तर मी. यांचं उरलंय अडतीस किलो.

बूढापारा मोहल्ल्यातल्या इतवारी नावाच्या मिस्त्रीनं तेल बदललं, मशीन लावून पाहिलं. "दीदी, गिअरबॉक्स ठीक हाय. गाडी फुल सवारी समजून राहिली."

"यांच्या बाजूले बसून आवाज तरी ऐका, भैया," मी म्हटलं.

त्यानं मागचं दार उघडलं. एवढ्या रुंद सीटवर हे एकटेच, पलीकडच्या दाराशी अंग चोरून बसले होते.

"समोर बसा, भैया," हे अदबीनं म्हणाले. "इथं आता जागा नाही उरली."