शेषरावांचा पुरा डाव

शेषरावांनी घोडा उचलला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. घोडा हातातच राहिला.

मालेगावच्या वाचनालयात तालुका संघांचा शेवटचा बुद्धिबळ सामना चालू होता. रिसोडच्या संघात चौथ्या पटावर बसणारे शेषराव हे बाहेर उभ्या असलेल्या गाडीचे कंडक्टर. सामना ज्या गावी असेल तिकडची ड्युटी ते मागून घ्यायचे. त्यामुळे यायची सोय व्हायची, आणि डावाच्या मधेच परत जायची पाळीही यायची. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा. चार सामने, चार अर्धे डाव. निकालाच्या तक्त्यावर त्यांच्या नावापुढे चार वेळा ‘उठून गेले’ असं लिहिलेलं होतं.

बाकीच्या तीन पटांवर रिसोड आधीच हरलं होतं. या डावानं आता कोणाचंच काही बिघडणार नव्हतं, एक शेषराव सोडून.

“हारलो तं चालते, मावशी,” ते समोरच्या मनकर्णाबाईंना म्हणाले. “पन एक डाव पुरा हारू द्या.”

मनकर्णाबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. खिचडी संपल्याशिवाय एकाही पोराला त्यांनी तीस वर्षांत उठू दिलं नव्हतं. त्यांनी पट दोन्ही हातांनी अलगद उचलला.

“माहं गाव तुमच्याच रस्त्यावर हाये. चाला गाडीत.”

पंच अनुपनं नियमांचं पुस्तक चाळलं. खेळायची जागा चालती नसावी, असं त्यात कुठंच नव्हतं. मग तोही घड्याळ आणि तक्ता छातीशी धरून निघाला आणि रिसोडचं तिकीट काढून बसला.

सगळ्यांची तिकिटं होईपर्यंत शेषरावांच्या घड्याळातली अकरा मिनिटं गेली. रुपाबाई गिरणीतून दळण घेऊन चालल्या होत्या. त्यांचा डबा सीटांच्या मधल्या वाटेत आला, डब्यावर पट आला. पहिल्या गतिरोधकाला दोन प्यादी लोळली. रुपाबाईंनी मूठभर पीठ काढलं, बाटलीतल्या पाण्यात मळलं आणि एकेका सोंगटीच्या बुडाला कणीक लावून दिली. मग वजीरसुद्धा हलेना. मेलेल्या सोंगट्या ठेवायला जागा नव्हती, त्या प्रवाशांच्या हाती दिल्या. हत्ती मागच्या सीटवरच्या उकंडरावांकडे गेला.

अनुपनं उभं राहून सांगितलं, की डाव चालू असताना खेळाडूशी कोणी बोलायचं नाही. बोलल्यास डाव बाद. चाळीस माणसांनी माना डोलावल्या.

उकंडरावांचं गाव आलं. ते पिशवी घेऊन उठले. गाडी थांबवा म्हणून सांगायचं ते कंडक्टरला, आणि कंडक्टर हनुवटीला हात लावून बसलेला. त्यांनी अनुपकडे पाहिलं. अनुपनं ओठांवर बोट ठेवलं. उकंडराव हत्ती मुठीत घेऊन परत खाली बसले.

ड्रायव्हर लखनचा हिशोब साधा होता. एक बेल, थांबायचं. दोन बेल, निघायचं. बेल नाही, तर चालत राहायचं. तो चालत राहिला.

दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती. गावं खिडकीशी यायची, जरा वाट पाहायची आणि मागं सरकायची. एका फाट्यावर हरीओम नावाचा पोरगा गाडीतल्या आपल्या बापाला न्यायला मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याला बाप खिडकीतून जाताना दिसला. बापानं हात हलवला, त्यानंही हलवला. रुपाबाईंचं गाव गेलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. ऊन डब्यावरून पटावर आलं, काळी घरं पांढरी झाली, पांढरी सोनेरी, आणि तरी दोघंही बरोबर घरात चालत होते.

मनकर्णाबाईंचं गाव आलं. त्यांनी खिडकीतून आपलं घर पाहिलं. दोरीवर त्यांचंच लुगडं वाळत होतं. ते नीट दिसेनासं होईपर्यंत पाहून घेतल्यावर त्यांनी उंट एक घर सरकवला.

रिसोडचं स्टँड आलं तेव्हा शेषरावांचा राजा कोपऱ्यात होता आणि घड्याळात दोन मिनिटं उरली होती. बेल झाली नाही. म्हणून लखननं स्टँडला चक्कर मारली. मग दुसरी मारली. बाकड्यावर बसलेली माणसं गाडीबरोबर माना फिरवत राहिली.

तिसऱ्या चकरेला मनकर्णाबाईंनी वजीर ठेवला. “मात.”

शेषरावांनी राजाची सगळी घरं बोटानं मोजली. एकही मोकळं नव्हतं. “पुरी?”

“पुरी.”

अनुपनं तक्त्यावर ‘हरले’ असं लिहिलं. शेषरावांनी तो शब्द दोनदा वाचला आणि खिशातून पेन काढून त्याखाली सही केली. सही कोणी मागितली नव्हती. मग त्यांनी वर हात करून बेलची दोरी एकदा ओढली. गाडी थांबली.

कोणीच उतरलं नाही. शेषरावांनी मागं वळून पाहिलं. सगळी ओळखीची तोंडं, सगळ्यांची गावं मागं राहिलेली.

“तुमी काहून नाही उतरले?”

उकंडरावांनी आधी अनुपकडे पाहिलं. अनुपनं मान डोलावली.

“डाव चालू असल्यावर,” उकंडराव म्हणाले, “मधातून उठून जानं बरं दिसते काय?”

शेषरावांनी दोरी पुन्हा धरली. मग त्यांनी ती दोनदा ओढली, आणि लखननं गाडी पुन्हा मालेगावच्या रस्त्याला लावली.

मागून हातोहात सोंगट्या पुढं येऊ लागल्या. हत्ती सगळ्यांत शेवटी आला, घामानं ओला. मनकर्णाबाई पट पुन्हा मांडत होत्या. रुपाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याचं झाकण जरासं उचललं आणि नवी कणीक मळायला घेतली.