गळतीच्या यादीतली मुलगी

विद्यापीठातली गळती कमी करायची म्हणून मधूनच शिक्षण सोडलेल्यांची यादी नोंदणी कक्षातल्या बाईंकडे आली. एकेकाला फोन करून परत बोलवायचं होतं. एका मुलीच्या घरी तिच्या वडिलांनी फोन उचलला.

"ती घरी नाही हो, कॉलेजला गेलीय. सकाळी सातला डबा घेऊन निघते. एक दिवस चुकवत नाही!"

तिचं नाव तर कधीच कमी झालंय, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "हो, हो. एका अर्जावर सही राहिलीय तिची. उद्या मला भेटायला सांगा."

दुसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडलेला. बाईंनी तिला आधी बसायला सांगितलं.

"पाच महिने झाले तुझं नाव कमी होऊन. घरी का नाही सांगितलंस?"

"आईच्या आजारपणात नोंदणीच्या फॉर्मची तारीख हुकली, मॅडम. त्यात बाबांना हे सांगायचा धीरच झाला नाही."

"मग रोज जातेस तरी कुठे?"

"वर्गातच. शेवटच्या बाकावर बसते."

बाईंनी फेरप्रवेशाचा अर्ज आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "आणि सरांच्या लक्षात नाही आलं?"

"साठ जण आहेत आम्ही. सर मान खाली घालून हजेरी घेतात. माझ्या आधीचं नाव घेतात, मग एकदम माझ्यानंतरचं. त्या दोघांच्या मध्ये मी मनातल्या मनात 'हजर' म्हणून घेते."