गॅलरीतली काजळी

दिवाळीच्या साफसफाईत कल्पिताने गॅलरीतली सासऱ्यांची खुर्ची सरकवली. मागच्या भिंतीवर डोंबिवलीची काजळी उलट्या झाडासारखी बसली होती, डावी-उजवीकडे बारीक बारीक फांद्या फुटलेली.

तिने ओल्या फडक्याने डावी बाजू पुसली.

आत धापा टाकणारे सासरे एकदम शांत झाले. मग डोळे विस्फारून दारात आले. "कल्पिता, अगं, डावीकडून श्वास येतोय! किती वर्षांनी!"

तिने घाईघाईने उजवी बाजूही पुसली. सासरे ताठ उभे राहिले, हसले.

फडकं पिळताना तिला खाली, तिच्या चार वर्षांच्या सान्वीच्या उंचीवर, दुसरं झाड दिसलं. फिकट, नाजूक, हलकेच फुगून ओसरणारं.

तिने तेही पुसलं. फडकं उचललं तसं ते पुन्हा उमटलं, मघापेक्षा एका फांदीने मोठं.