देव आज कुठं?

श्रीदेवीनं पाचव्यांदा सगळा कोड पुसला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घेतला.

अणदूरला खंडोबाच्या देवळासमोर तिच्या आईचं, रुद्रम्माचं, नारळ-भंडाऱ्याचं दुकान. नारळाच्या पोत्यावर शाळेतल्या नागप्पा गुरुजींचा जुना लॅपटॉप, शेजारी गुरुजी स्वतः. त्यावर ती लिहीत होती तो सर्व्हर अगदी छोटा होता. कुणी फोनवरून विचारलं की देव आज कुठं, तर त्यानं एका ओळीत सांगायचं: अणदूरला, की नळदुर्गाला. वर्षातले काही दिवस देव नळदुर्गाच्या देवळात राहायला जातात. आज संध्याकाळीच पालखी निघणार होती. गुरुजींचा पुण्यातला एक माजी विद्यार्थी हे सगळ्यांसाठी इंटरनेटवर चढवून देणार होता. पण त्याचं म्हणणं, "आधी तिथं चालू दे."

गेल्या वर्षी आळंदकडचं एक म्हातारं जोडपं दोन बस बदलून इथं आलं, तेव्हा देव नळदुर्गाला गेलेले. म्हातारा रिकाम्या गाभाऱ्यासमोर बसून राहिला. पुन्हा बसमध्ये चढायची ताकद त्याच्यात नव्हती. त्याला पाण्याचा तांब्या श्रीदेवीनंच नेऊन दिला होता.

"चाललं का गं?" रुद्रम्मानं विचारलं. तिच्या हातातल्या फोनवर पांढरं पान आणि त्यावर फिरणारं चक्र.

"न्हाय अजून."

"त्यापरीस पाटी रंगवली असती, तर आतापस्तोर वाळली असती."

"पाटी आळंदवरून दिसती व्हय?"

गुरुजी हसले. "प्रश्न पोचतोय का?" त्यांनी विचारलं.

"पोचतोय. आईनं बोट लावलं की इथं 'विचारणा आली' असं उमटतंय."

"आणि उत्तर?"

"लिहिलंय. तुम्हीच सांगा की गुरुजी, कुठं चुकतंय."

"मला दिसलंय. तुलाबी दिसंल," असं म्हणून ते चष्मा पुसत बसले.

एक मोटारसायकल येऊन थांबली. "अव्वा, देव हायत का अजून?"

"हायत. सांजच्याला निघत्यात. जावा लवकर."

माणूस हलला नाही. मान खाली करून उभा राहिला. रुद्रम्मानं ताटलीत बोट बुडवलं, त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मगच तो चपला काढून आत गेला.

श्रीदेवीचे हात थांबले. रोज बघत होती ती हे. भंडारा लागेपर्यंत आईचं बोलणं संपलं असं इथं कुणी धरत नाही.

तिनं पडद्याकडं पाहिलं. प्रश्न घेतला होता, उत्तर लिहिलं होतं. उत्तर संपलं, हे मात्र फोनला पाची वेळा सांगितलं नव्हतं. फोन बिचारा मान खाली करून उभाच होता. तिनं उत्तराच्या शेवटी तेवढी एक ओळ लिहिली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

"आई, लाव बोट."

चक्र थांबलं. 'देव आज अणदूरला आहेत.' अक्षरांखाली रुद्रम्माच्या बोटाचा पिवळा ठसा उमटला होता.

गुरुजींनी चष्मा घातला. "आता नळदुर्गाचं उत्तरबी लगेच लावून टाक. संध्याकाळी गर्दीत ऱ्हाऊन जाईल."

"लिहून ठेवलंय," श्रीदेवी म्हणाली. "पण पालखी वेशीबाहेर गेल्याबिगर लावणार न्हाय. अजून कुणीतरी वाटंत असंल."