कळणारा माणूस

नंदूने टेबल पुसलं आणि माल समोर मांडला. एकीकडे तीन हातातले लेझर, टॉर्चसारखे, काळे, चकचकीत. दुसरीकडे टेबलावर बसवायचा एकच, कुठल्याशा प्रयोगशाळेतून आलेला. हातभर लांब राखाडी पेटी आणि जाड वायरीने तिला जोडलेला वीजपुरवठ्याचा डबा.

"बघा साहेब," तो केळकर सरांना म्हणाला.

खरं तर घेणार होता धर्मा. पण मागच्या शनिवारी तो मरोळच्या या जुन्या सामानाच्या गाळ्यात एकटा आला, तेव्हा नंदूने पेटी चालू करूनही दाखवली नव्हती. "काका, नाजूक आयटम आहे. कळणारं कुणी असेल तर घेऊन या ना," म्हणाला होता. धर्माने कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अटेंडंट म्हणून एकतीस वर्षं काढली होती. मुलांच्या प्रयोगाआधी लेझर दर वर्षी धर्माच लावून द्यायचा. हे नंदूला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण सांगितलं नाही. घरी जाऊन सरांना फोन केला. सर त्याच विभागाचे प्रमुख. दोघं एकाच वर्षी रिटायर झालेले. सर लगेच तयार झाले, स्वतःची गाडी घेऊन आले.

सरांनी हिरवा लेझर उचलला आणि बटण दाबलं. समोरच्या इमारतीवर ठिपका नाचायला लागला.

"झकास आहे रे हा!"

"सर, खिडकीत माणसं आहेत. कुणाच्या डोळ्यात जाईल."

सरांनी तो बंद केला, जरा नाराजीनेच. "तुला नेमका कशासाठी पाहिजे?"

"होलोग्राम करायचाय. बाबांचा अडकित्ता आहे घरी, त्याचा. काचेच्या प्लेटवर तो उभाच्या उभा दिसला पाहिजे. हातातल्यावर तीनदा केला. तीनही वेळा काही उमटलं नाही."

"अरे, छंदासाठी हातातला पुरे. आणि तुझी खोली कांजूरला, रस्त्याला लागून. ट्रक गेला की सगळं हलणार."

"खोक्यात रेती भरून खाली स्कूटरच्या ट्यूबा ठेवल्यात, सर. नाही हलत."

"ट्यूबा!" सर हसले. मग नंदूही हसला.

धर्माने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन आरसे, एक काच आणि एक भिंग काढलं. टेबलावरच्या लोखंडी पाटावर ते मांडले. एकाच किरणाचे दोन करायचे, वेगळ्या वाटांनी फिरवायचे आणि भिंतीवर पुन्हा एकत्र आणायचे. मग तिथे काळे-लाल पट्टे पडतात. पट्टे स्थिर राहिले तर लेझर कामाचा.

आधी हातातला लाल लावला. पट्टे आले, सरकले, पुसले गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले.

मग पेटी चालू केली. "पंधरा मिनिटं तापू दे," तो नंदूला म्हणाला. तेवढा वेळ तो आरशांचे कोन नखाने सारखे करत राहिला. पंधरा मिनिटांनी भिंतीवर पट्टे उमटले ते कोरल्यासारखे. बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, तेव्हा थरथरले आणि पुन्हा जागेवर आले.

"आयला," नंदू म्हणाला.

सर भिंतीजवळ गेले. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. परतले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"धर्मा, खरं सांगू? तुझ्या त्या खोलीत ही वस्तू वाया जाईल. माझ्याकडे तळमजल्याची मोकळी खोली आहे. मीच घेतो. तू रविवारी येऊन लावून दे, म्हणजे झालं."

"मी घेणार होतो, सर."

"अरे, तुझीच समज! तुझा अडकित्ताही करू की एखाद्या दिवशी. काय?"

"हो सर," धर्मा म्हणाला. शब्द आधी तोंडातून निघाले, मग त्याला ऐकू आले.

नंदूने बिलबुक उघडलं होतं. सरांशी बोलता बोलता त्याने हातातला लाल लेझर धर्माकडे सरकवला. "हा घ्या काका, तुम्हाला असाच. साहेबांना घेऊन आलात ना."

धर्माने आरसे गुंडाळून पिशवीत टाकले. लाल लेझर होता तिथेच राहिला.

"जपून उचल हं," सर म्हणाले.

त्याने पेटी उचलली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, जिना उतरून गाडीपर्यंत.

"डिकीत आदळेल. तू मागे बस आणि मांडीवर घे. कांजूरला सोडतो तुला."

धर्मा मागे बसला. पेटी अजून कोमट होती.

नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली. सरांनी घरी फोन लावून स्पीकरवर टाकला. "अगं माधुरी, लेझर घेतला. हो, टेबलावरचाच. नाही नाही, फसवतोय कसला? तासभर उभा राहून स्वतः तपासून घेतला मी."

धर्माने पेटी शेजारच्या सीटवर ठेवली. सीटबेल्ट ओढून तिच्याभोवती घट्ट लावला.

"सर, मी इथेच उतरतो. आणि रविवारी जमायचं नाही."

"आं? थांब गं जरा. काय म्हणालास?"

धर्मा तोवर उतरला होता. दार धाडकन आपटायचं म्हणून त्याने ते धरलंही. मग दोन्ही हातांनी हळूच लावून घेतलं. पेटीतली नळी काचेची होती.